सिएरा: करवत, डोंगर, मासा, मिरची... एका स्पॅनिश शब्दाचा माग

पिंपळपान

गेल्या महिन्यात हत्यारांच्या एका कॅटलॉगचं स्पॅनिशमधून मराठी करायला घेतलं होतं. कच्चा मसुदा यंत्राने केलेला आला. त्यात एका पानावर 'वर्तुळाकार पर्वतरांग, १२०० वॉट' असं होतं. मूळ शब्द 'सिएरा सिर्कुलार', म्हणजे गोल पात्याची करवत. दुरुस्ती अर्ध्या मिनिटात झाली, पण शब्द डोक्यातून जाईना.

माझे वडील सुतार. वाईच्या घरी पडवीत त्यांच्या तीन करवती खिळ्याला टांगलेल्या असायच्या. बोथट झाली की ते करवत दोन फळ्यांमध्ये आवळून, दात वर करून उभी करायचे आणि तिकोनी कानशीने एकेक दात घासायचे. मी समोर जमिनीवर बसायचो. डोळ्यांच्या पातळीवर दातांची ती ओळ, आणि तिच्या मागे अंगणापलीकडचे डोंगर. स्पॅनिश लोकांनी डोंगरांच्या रांगेला करवत का म्हटलं, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

थोडं शब्दाबद्दल. लॅटिनमध्ये करवतीला 'सेरा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये येताना त्यातल्या 'ए'चा 'इए' झाला. हा त्या भाषेचा ठरलेला नियमच आहे: जमीन 'तेरा'ची 'तिएरा' झाली, तसं. 'र' दुहेरी आहे, जीभ थरथरवून म्हणायचा. पोर्तुगीजमध्ये हा बदल झाला नाही, तिथे अजून 'सेरा'च आहे. सुताराच्या एकहाती करवतीला 'सेरूचो', भुशाला 'सेर्रीन', लाकडाच्या वखारीतल्या करवत गिरणीला 'आसेर्रादेरो' म्हणतात. आणि मग डोंगर. माद्रिदची माणसं शनिवारी 'सिएराला जातो' म्हणतात तेव्हा कुठली सिएरा हे सांगायला लागत नाही, ती शहराच्या उत्तरेची ग्वादारामाच असते.

बार्सिलोनाजवळचा मोन्तसेरात हा तर नावानेच 'करवतलेला डोंगर'. तिथल्या मठाच्या चिन्हात डोंगराच्या सुळक्यांवर खरोखरची करवत काढलेली आहे. कोलंबसाने १४९३ साली कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाला याच मठावरून नाव दिलं, ते आजही तेच आहे.

तुम्हाला तुमच्या कामात हा शब्द कुठे भेटला? मला सगळं ऐकायचंय.

दर्यावर्दी

आम्हाला रोज भेटतो. रेडिओवर स्पेलिंग सांगताना 'एस'साठी 'सिएरा' म्हणायचं असतं. हा उच्चारसंच १९५६ पासून जगभर चालतो. त्याआधीच्या संचात 'एस'ला 'शुगर' होता. आवाज खरखरत असला, समोरचा कोरियन असो की ग्रीक, 'सिएरा' ऐकताना कुणाची गफलत झालेली मी पाहिली नाही. मधला 'ए' लांब असतो, तो आवाजातून वर येतो.

'सिएरा' नावाचा बावटाही आहे. पांढऱ्यावर मधोमध निळा चौकोन. एकटा चढवला तर अर्थ असा की माझं इंजिन जहाज मागे ढकलतंय. तीन छोटे भोंगे वाजवले तरी हाच अर्थ, आणि मोर्समध्ये 'एस' म्हणजे तीन टिंबंच. कॅडेट असताना बंदरात मागे येणाऱ्या जहाजाचे तीन भोंगे पहिल्यांदा ऐकले, तेव्हा आमच्या बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "सिएरा. लक्षात ठेव." अजून आहे.

आणखी एक. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर मासात्लान बंदरात उतरलो होतो. गाडीवर 'सेविचे दे सिएरा' लिहिलेलं. मला वाटलं डोंगरातला काहीतरी पदार्थ. निघाला मासा! अगदी बारीक केलेला, लिंबात मुरवलेला, गाजर-कांदा-कोथिंबीर घालून कुरकुरीत मक्याच्या पोळीवर. गाडीवाल्याने बर्फातला अख्खा मासा उचलून दाखवला. मी रेवदंड्याचा. म्हटलं, ही तर आपली सुरमई!

मालवणकरीण

दर्यावर्दी, अगदी सुरमईच नाही, पण तिची सख्खी बहीण म्हणा. कुळ एकच. शास्त्रीय नावातसुद्धा त्या माशाला 'सिएरा'च जोडलेलं आहे. बाजारातून सुरमई आणली की शेपटीकडचा भाग नीट बघा. मोठा पर संपला की तिथून शेपटीपर्यंत पाठीवर आणि पोटाखाली छोट्या छोट्या परांची रांग असते. साफ करताना आई म्हणायची, बोट तिथून उलटं फिरवू नको. पिंपळपानांच्या वडिलांची करवत वाचली आणि मला ती रांगच आठवली.

कोल्हापूर_ते_फ्रिमाँट

आमच्या कॅलिफोर्नियात सिएरा म्हटलं की सिएरा नेवाडा. नेवाडा म्हणजे बर्फाळलेली. थंडीत टाहो सरोवराला जाणारी प्रत्येक मराठी गाडी हा डोंगर चढते. तिथला बर्फ पॅसिफिककडून येतो, ओला आणि जड असतो, म्हणून त्याला 'सिएरा सिमेंट' म्हणतात. गॅरेजसमोरून एकदा फावड्याने उपसला की नाव पटतं.

इथले जाणकार लोक 'सिएराज' असं अनेकवचन केलेलं खपवून घेत नाहीत. म्हणतात, सिएरा म्हणजेच रांग, त्याचं पुन्हा अनेकवचन कशाला? 'सिएरा नेवाडा माउंटन्स' म्हटलं तर अजूनच नाराज. मला मात्र ते ऐकून शाळेचं भूगोलाचं पुस्तक आठवतं. 'सह्याद्री पर्वत' आपण बिनदिक्कत लिहितो, आणि 'अद्री' म्हणजे पर्वतच की.

संगणकवाल्यांसाठी: ॲपलने २०१६ च्या प्रणालीला 'सिएरा' आणि २०१७ च्या प्रणालीला 'हाय सिएरा' नाव दिलं ते याच डोंगरावरून. त्याच्याही आधी, सीडीवर फायली कशा मांडायच्या याचा एक जुना नमुना 'हाय सिएरा' नावाने ओळखला जायचा. टाहोकाठच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात कंपन्यांची माणसं बसली आणि तो ठरला. पुढे सीडीचं आंतरराष्ट्रीय मानक त्यावरच बेतलं गेलं.

वाटाड्या_नाशिक

एक शंका. सिएरा आणि सह्य, ऐकायला किती जवळ आहेत! मूळ एकच असेल का? दोन्ही भाषा शेवटी एकाच मोठ्या कुटुंबातल्या ना?

पिंपळपान

कुटुंब एक आहे हे खरं, पण हा धागा जुळत नाही. सिएराच्या मुळाशी हत्यार आहे, डोंगराचा अर्थ नंतर चिकटला. 'सह्य'च्या मुळाशी सोसण्याचा, टिकून राहण्याचा अर्थ आहे, तिथे दात कुठेच नाहीत. आणि आपली 'करवत' संस्कृत 'करपत्र'वरून आली, म्हणजे हातातलं पातं. आवाजाच्या सारखेपणावर आपण भाषिक लोक पटकन भाळतो, मीही भाळतो, पण इथे नको.

कातळकडा

भूशास्त्र शिकवतो म्हणून लिहितो. पिंपळपान, तुमचं बालपणीचं चित्र सुंदर आहे, पण वाईच्या डोंगरांना स्पॅनिश माणूस सिएरा म्हणाला असता असं वाटत नाही. आपला सह्याद्री बेसाल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरले, झिजताना त्यांच्या पायऱ्या झाल्या आणि माथे सपाट राहिले. तुमच्या घरामागचा पांडवगडच घ्या, कातळाची टोपी घातल्यासारखा. पसरणीचा घाट चढून वर गेलात की पाचगणीचं पठार. त्याला इंग्रजांनी 'टेबल लँड' म्हटलं, आणि भूशास्त्रात अशा आकाराला जो शब्द आहे तोही स्पॅनिशच: 'मेसा', म्हणजे टेबल.

करवत व्हायला दगड वेगळा लागतो आणि झीजही वेगळी लागते. कॅलिफोर्नियाची सिएरा नेवाडा हा ग्रॅनाइटचा प्रचंड ठोकळा आहे, एका बाजूने उचलला गेलेला. पूर्वेकडे तुटलेला कडा, पश्चिमेकडे लांब उतार. माथ्यावर हिमनद्यांनी दोन्ही बाजूंनी खरवडून धारा काढल्या. आपल्याकडे दात बघायचे असतील तर मुंबई-नाशिक गाडीतून आसनगावच्या आसपास खिडकीत बसा. माहुलीचे सुळके आभाळावर अगदी करवतीसारखे उठतात.

अस्थिबंध

फिजिओथेरपीत याच घराण्याचा लॅटिन शब्द आहे. बरगड्यांवर बाजूने बोटांसारखा पसरलेला स्नायू, 'सेरेटस अँटिरियर'. त्याच्या कडा करवतीच्या दातांसारख्या, म्हणून नाव. मुष्टियोद्ध्याने हात पुढे फेकला की काखेखाली ते दात उठून दिसतात. याची नस दुखावली तर भिंतीला हात टेकताच पाठीचा खवाटा पंखासारखा बाहेर येतो.

गिरणगावकर

स्पॅनिशमध्ये 'करवतीच्या दातांचं छप्पर' असा शब्दप्रयोग आहे म्हणे? असेल तर ते छप्पर मी लहानपणी रोज बघितलंय. परळच्या आमच्या चाळीच्या गच्चीतून गिरणीच्या मागखात्याची छपरं दिसायची, एकामागून एक तिरकी. उभ्या बाजूला काचा, त्या सगळ्या उत्तरेला. वडील मागावर होते. ते सांगायचे की उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, ऊन थेट धाग्यावर पडत नाही, तुटलेला धागा लगेच दिसतो. आता तिथे उंच इमारत आहे.

पिंपळपान

हो, आहे. 'दिएन्ते दे सिएरा'. छपराला, आलेखातल्या चढउताराला आणि सिंथेसायझरच्या त्या कडक आवाजाच्या लहरीलाही हाच शब्द. तुमच्या वडिलांचं वाक्य मी जपून ठेवतोय.

लिमावासी

गेली चार वर्षं पेरूत, लिमाला आहे. इथे या शब्दाचं जे रूप रोज कानावर पडतं ते कोशात वाचून समजत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पेरूची शाळकरी पोरं देशाचे तीन भाग पाठ करतात: कोस्ता, सिएरा, सेल्वा. किनारा, डोंगर, जंगल. म्हणजे इथे सिएरा ही नुसती रांग नाही, अँडीजमधला अख्खा माणसांनी भरलेला मुलूख आहे. गावं, बटाट्याची शेतं, क्वेचुआ भाषा, लोकरीचे शाली-टोप, सगळं त्या एका शब्दात. शेजारच्या इक्वाडोरमध्ये तर शाळांची वेळापत्रकंही सिएरा आणि कोस्ता अशी वेगळी आहेत. क्विटोच्या डोंगराळ भागात वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं, ग्वायाकिलच्या किनाऱ्यावर एप्रिल-मेच्या सुमारास. माझं माहेर अमरावतीचं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात हे आठवून मला ती व्यवस्था लगेच कळली.

आता दुसरी बाजू. सिएराचा माणूस तो 'सेरानो'. स्पेनमध्ये हा शब्द लाडाचा आहे. 'हामोन सेरानो' म्हणजे डोंगराच्या थंड कोरड्या हवेत सुकवलेली डुकराची तंगडी, ग्रानादा प्रांतातल्या डोंगरातल्या त्रेवेलेस गावची त्यासाठी नावाजलेली. मेक्सिकोत पुएब्ला आणि इदाल्गोच्या डोंगरातली छोटी तिखट मिरची तीही सेरानो. पण लिमात हाच शब्द कुणाच्या तोंडावर फेकला तर ती शिवी होते. अडाणी, गावंढळ, रंगाने काळा, बोलता न येणारा, हे सगळं त्यात येतं.

आमच्या घरी मदतीला येणाऱ्या बाई वानकायोच्या. लिमाहून तिकडे जाताना गाडी तिक्लियोच्या खिंडीतून ४,८०० मीटरवरून जाते, माझं डोकं फुटायची वेळ येते, त्या मात्र शेंगा सोलत बसतात. एकदा बसमध्ये कुणीतरी त्यांना तो शब्द म्हणालं. घरी येऊन त्या काही बोलल्या नाहीत, भांडी घासत राहिल्या. रात्री जाताना एवढंच म्हणाल्या, "सेन्योरा, मी सिएराचीच आहे. त्यात चुकीचं काय?"

मला मुंबईत शिकतानाचे दिवस आठवले. वर्गात साताऱ्याकडच्या मुलांना 'घाटी' म्हणायचे. मीसुद्धा हसले होते. डोंगराचं नाव माणसाला चिकटवून त्याला खाली पाडायचं, दोन भाषांत, पृथ्वीच्या दोन टोकांना.

मालवणकरीण

लिमावासी, वाचून गप्प झाले. आमच्या कोकणात 'घाटावरचा' हा शब्द दिशा सांगायलाही वापरतात, घाटावरचे कांदे, घाटावरची बैलं, त्यात काही वाईट नसतं. पण 'घाटी' म्हणताना आवाज बदलतो, हे खरं आहे. आणि मुंबईत पिढ्यानपिढ्या पाट्या वाहणाऱ्या माणसांनी तो सोसलाय.

कोसाकाठ

मी भंडाऱ्याची. इतका वेळ वाचत होते, कोणीच करवतकाठीचं नाव काढेना, म्हणून आता लिहितेच!

आमच्याकडची कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी, तिचा काठ म्हणजे करवतीचे दात. काठाचा रंग आणि अंगाचा रंग जिथे भेटतो तिथे सरळ रेघ नसते, टोकंच टोकं असतात. आजी मागावर बसायची तेव्हा बघितलंय, तीन धोटे चालायचे. एक अंगाचा, दोन दोन्हीकडच्या काठांचे. अंगाचा धागा आणि काठाचा धागा दर फेरीला एकमेकांत अडकवायचे, आणि कुठे अडकवायचे ते एकेक तार पुढेमागे सरकवत न्यायचे. त्या सरकण्याने दात होतो. एक जरी तार चुकली तर दात बोथा होतो, आणि आजी तेवढं उसवायला लावायची. भंडारा, मोहाडी, आंधळगाव, नागपूर, या पट्ट्यातलं हे काम. विदर्भाच्या करवतकाठीला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

तर म्हणायचं असं की करवत तीच. स्पॅनिश माणसाला ती डोंगरात दिसली, आमच्या विणकराला काठात.

वाटाड्या_नाशिक

वा. आईच्या पेटीत एक करवतकाठी आहे, आज काढून बघतो.

मला एक गाडी आठवते. १९९१ ची टाटा सिएरा, पुण्यात बनलेली. मागे दारं नव्हती, त्याऐवजी छतापर्यंत वळत गेलेली मोठी काच. मामाकडे होती. त्या काचेतून कसाऱ्याचा घाट असा दिसायचा की मान मागे टाकून बघत बसावं. आता त्याच नावाची नवी गाडी आली आहे.

पिंपळपान

तीन दिवस वाईला गेलो होतो, म्हणून उत्तर उशिरा.

कोसाकाठ, तुमच्या 'एक तार पुढेमागे'ने माझी झोप उडवली. वडिलांना वाचून दाखवलं. आता त्यांचे हात थरथरतात, काम बंद आहे, पण करवत खाली घेऊन ते मला म्हणाले, "दात नुसते टोकदार असून चालत नाहीत. एक डावीकडे, एक उजवीकडे थोडा वाकवावा लागतो. नाहीतर पातं लाकडातच अडकतं." मी वरून डोळा लावून बघितलं, तर दातांच्या दोन ओळी आणि मधे नाली. समोरून पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

त्यावरून एक गोष्ट सुचली. सिएरा हा लांबून बघणाऱ्याने ठेवलेला शब्द आहे. मैदानात उभं राहून, आभाळावर उमटलेली कड बघून. आपला 'घाट' तसा नाही. तो डोंगर चढणाऱ्याचा, बैल हाकणाऱ्याचा शब्द आहे. डोंगर कसा दिसतो हे तो सांगत नाही, पलीकडे कुठून जायचं ते सांगतो. इंग्रजांनी पुढे सगळ्या रांगेलाच 'वेस्टर्न घाट्स' म्हटलं तो भाग वेगळा.

मग मी विचार केला, दोन दातांमधल्या त्या खाचेला, जिथून वाट जाते तिला, स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? 'पुएर्तो'. ग्वादारामातला 'पुएर्तो दे नावासेरादा' घ्या, १,८५८ मीटरवरची खिंड. आणि पुएर्तो म्हणजे बंदरसुद्धा! होड्या लागतात ती जागा. मी गणपती घाटाच्या पायऱ्यांवर बसून हे मोबाइलवर शोधत होतो. समोर कृष्णा, पाय पाण्यात. मागे पसरणीचा घाट. नदीला उतरायचा घाट आणि डोंगर ओलांडायचा घाट, दोन्हीला एक शब्द, आणि चाळीस वर्षं दोन्हींच्या मधे राहून मला ते कधी दिसलं नव्हतं.

दर्यावर्दी

आमच्याकडे होडीतून उतरायच्या जागेला काही जण अजून घाटच म्हणतात. पुएर्तो बंदर म्हणून हजार वेळा म्हटलंय, डोंगरात असतं हे आज कळलं.

लिमावासी

पिंपळपान, इथे पेरूत खिंडीला 'पुएर्तो' सहसा म्हणत नाहीत, 'आब्रा' म्हणतात. तिक्लियोच्या खिंडीच्या पाटीवरही आब्राच. तुमचं वाचून आत्ता कोश उघडला. आब्रा: दोन डोंगरांमधली मोकळी, रुंद फट. आणि त्याच्याच वर, पहिला अर्थ: छोटी खाडी, जहाजांना आसरा मिळावा अशी. मुळात फ्रेंच, बंदराचाच शब्द.

उद्या बाई आल्या की त्यांना विचारते, वानकायोच्या आसपास कुठल्या कुठल्या आब्रा आहेत. त्यांना सगळ्या पायी माहीत असणार.